दान आणि दात्याचा हेतु

दोन गृहस्थ दारी आलेल्या भुकेल्यास जेवू घालतात. एकाला त्याची भूक दिसते. दुसऱ्याचे लक्ष पाहणाऱ्यांकडे असते. अन्न एकच, तृप्तीहि एकच. मग हेतूचा विचार कशासाठी?

श्रीमद्भगवद्गीतेने सतराव्या अध्यायातील २० ते २२ या श्लोकांत दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्यच आहे अशा बुद्धीने, परतफेडीची आशा न ठेवता, देश, काल व पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक होय. प्रत्युपकारासाठी, फलावर दृष्टि ठेवून किंवा कष्टी मनाने दिलेले राजस. अस्थानी, अवेळी, अपात्री किंवा अवमानपूर्वक दिलेले तामस. दिलेली वस्तु तिन्ही ठिकाणी तीच असू शकेल. परंतु घेणाऱ्याचे पोट अन्नाने भरते, देणाऱ्याचे चित्त हेतूनेच घडते. आणि अवमान तर घेणाऱ्यालाहि घासाबरोबर गिळावा लागतो.

तर मग हेतु शुद्ध नाही म्हणून दान थांबवावे काय? अठराव्या अध्यायातील ५ व ६ या श्लोकांत भगवंतांचा निर्णय स्पष्ट आहे : यज्ञ, दान व तप टाकू नयेत, आसक्ति व फलेच्छा सोडून ते करावेत. तैत्तिरीयोपनिषदाची शिक्षावल्ली तर लज्जेने व भयानेहि द्यावे असे सांगते. त्याज्य आहे ती आसक्ति, कर्म नव्हे. आपले चित्त शुद्ध होईपर्यंत भुकेल्याला तिष्ठत ठेवणे हा धर्म नव्हे. म्हणून साधकाने हात आखडू नये. देताना मन कोठे आहे ते पाहावे, आणि उद्याचे दान कोणास न सांगता करावे.