परसांतील हिंवाळी पाहुणे

पक्षी पाहावयाचे म्हणजे दूरच्या अरण्यांत किंवा एखाद्या मोठ्या जलाशयावर गेलें पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर हिंवाळ्यांत परदेशी बदकांचे थवे उतरतात, आणि तें दृश्य अपूर्व असतें यांत शंका नाहीं. परंतु ज्या विद्यार्थ्यास तेथें जाणें साधत नाहीं त्यानें खंत करूं नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याच्या परसांतही दूरदेशचे पाहुणे येऊन पोहोंचलेले असतात. फक्त त्यांच्याकडे कोणी निरखून पाहिलेलें नसतें.

यांपैकीं पहिला पांढरा धोबी. अंगानें सडपातळ, पाठीवर करडा, पोटाकडे पांढरा, आणि लांब शेपटी सारखी वर-खालीं हालविणारा हा पक्षी मोरीच्या पाण्यापाशीं, भांडीं घासण्याच्या जागेजवळ, किंवा नळाखालच्या ओलींत तुरुतुरु धांवतांना दिसतो. अशा ओलसर जागीं बारीक किडे व माशा जमतात, आणि तेंच त्याचें अन्न. दगडावर धुणें आपटणाऱ्या परिटाची आठवण त्याच्या शेपटीनें होते, म्हणून त्यास हें नांव पडलें असावें.

याच्या एका उपजातीचें शास्त्रीय नांव मोठें मौजेचें आहे. मुंबई इलाख्यांत साइक्स नांवाचा एक लष्करी अधिकारी होता. त्यानें दख्खनांतील पक्ष्यांची यादी तयार केली, आणि १८३२ सालीं या पक्ष्यास ‘दुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा, असें नांव दिलें. वास्तविक याचीं घरटीं पश्चिम सैबेरियाकडे होतात, व आपल्याकडे तो केवळ हिंवाळ्यापुरता येतो. पाहुण्याच्याच नांवानें घराचा उतारा निघावा, त्यांतलाच हा प्रकार!

दुसरा पाहुणा थिरथिरा. नर काळा व पोटाशीं तांबूस; मादी मातकट; शेपटी मात्र दोघांचीही विटकरी, आणि ती क्षणभरही स्थिर नसते. कुंपणाच्या भिंतीवर, गोठ्याच्या छपरावर किंवा तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर बसून तो खालचा किडा हेरतो, झडप घालतो, आणि पुन्हां जागेवर येतो. हिमालय व तिबेट यांकडील उंच प्रदेशांतून हा येतो. त्याचें वजन सुमारें पंधरा ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या दोन नाण्यांइतकें! एवढासा जीव इतकी मजल मारून आपल्या गोठ्यावर येऊन बसतो, ही गोष्ट भूगोलाच्या नकाशावर बोट ठेवून पालकांनीं मुलांस अवश्य दाखवावी.

वटवट्याची गोष्ट निराळी. तो कुंपणाच्या दाट झुडपांत असतो व क्वचितच नजरेस पडतो. त्याचें ‘चक् चक्’ मात्र दिवसभर ऐकूं येतें. त्याची ओळख डोळ्यांपेक्षां कानांनींच करून घ्यावी लागते.

आतां छायाचित्रांविषयीं. हल्लीं बहुतेक घरीं मोबाइलमध्यें कॅमेरा असतो, आणि पक्षी दिसतांच तो उगारून त्याच्यामागें धांवण्याची मुलांना घाई होते. पक्षी अर्थातच उडतो. दोनचार वेळां उठविला म्हणजे ती जागाच सोडून जातो. यांत चित्र बिघडतें एवढेंच नव्हे. ज्याला परतीच्या प्रवासासाठीं अंगावर चरबी सांठवावयाची आहे, त्याचा चरण्याचा वेळ आपण वायां घालवितों. शिळोप्याच्या गमतीसाठीं दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणें कोणासही शोभणार नाहीं.

या बाबतींत इंग्लंडांतील कीर्टन बंधूंचें उदाहरण घेण्यासारखें आहे. रिचर्ड व चेरी या दोघां भावांनीं पक्ष्यांच्या घरट्यांवरील आपलें पुस्तक १८९५ सालीं प्रत्यक्ष छायाचित्रांनीं सजवून प्रसिद्ध केलें. पुढें पक्ष्यांनीं बुजूं नये म्हणून त्यांनीं बैलाचें कातडें घेऊन आंतून पोकळ असा बैल बनविला, आणि त्याच्या पोटांत कॅमेऱ्यासह लपून ते छायाचित्रें घेऊं लागले! चरणाऱ्या गुराला पक्षी भीत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आपल्या घरीं असा बैल करण्याची गरज नाहीं. नित्याचा संसार हीच आपली लपण्याची जागा. आई भांडीं घांसते, आजी उन्हांत बसून शेंगा सोलते, वडील सायकल पुसतात. या माणसांपासून थोड्याच अंतरावर धोबी निर्धास्त फिरत असतो, कारण त्यांचें लक्ष आपल्याकडे नाहीं हें त्यास कळतें. तेव्हां मुलांनींही शेंगा सोलावयास बसावें! सकाळचें ऊन पाठीशीं घ्यावें, कॅमेरा मांडीवर असूं द्यावा, आणि पक्षी आपण होऊन जवळ येईपर्यंत सोललेल्या दाण्यांची वाटी भरावी. चित्र साधलें तर उत्तमच. न साधलें तरी घरांतलें एक काम झालें.

चित्रापेक्षांही नोंद मोलाची आहे. तारीख, वेळ, जागा व पक्षी काय करीत होता, एवढें वहींत लिहिल्यावांचून चित्र मुकें राहतें. २०२३ सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं जो अहवाल निघाला, तो सुमारें ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर आधारलेला होता. या नोंदी बहुतेक सामान्य हौशी माणसांनीं केलेल्या होत्या. लांबून येणाऱ्या पक्ष्यांची संख्या विशेष घटत आहे, हें या अशा नोंदींवरूनच कळलें. दरवर्षीं फेब्रुवारींत चार दिवस अंगणांतल्या पक्ष्यांची गणती होते. २०१३ पासून भारतही तींत भाग घेत आहे, आणि शाळेचें आवारही त्यांत मोजतां येतें.

पाहुणा आलेला दिवस सहज ध्यानांत राहतो, कारण त्या दिवशीं कांहीं नवें दिसतें. गेलेला दिवस मात्र कळत नाहीं. मार्च-एप्रिलांत थिरथिरा एका रात्रीं निघून जातो, आणि भिंत रिकामी असल्याचें आपल्या लक्षांत येईपर्यंत आठवडा उलटलेला असतो. म्हणून फाल्गुन लागला कीं वहींत रोज एक ओळ लिहावी: “आज दिसला.” ज्या दिवशीं ती लिहितां येणार नाहीं, त्याच्या आदल्या तारखेखालीं रेघ ओढावी.