सहावीचा प्रवेश घेण्याआधी



लेकरू पाचवीत गेलं की भोर-वेल्ह्याच्या घराघरांत एकच विषय निघतो: आता पुढं कुठं घालायचं? वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा चौथी-पाचवीला संपते. पुढची सहावी ते आठवी कुणाला केंद्राच्या गावी, कुणाला संस्थेच्या अनुदानित विद्यालयात, तर कुणाला धरणाच्या पाण्याला वळसा घालून पलीकडे. मग कुणी नसरापूर-कापूरहोळकडच्या इंग्रजी शाळेची गाडी आपल्या फाट्यापर्यंत येते का, ते विचारतं. कुणी धनकवडी-कात्रजला खोली घेतं. आई पोरांना घेऊन तिकडं राहते आणि बाप गावी भाताची खाचरं सांभाळतो. घराची दोन घरं करणारा हा निर्णय आपण बहुतेकदा ऐकीव गोष्टींवर घेतो. म्हणून आज त्याबद्दल जरा मोकळेपणाने बोलू.

बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवूनही बघतो. शाळेची मात्र कमान आणि गणवेश बघून परत येतो. सरकारी शाळा कुणी न बघताच नाकारतं, तर कुणी जवळ आहे म्हणून न बघताच पत्करतं. माझं म्हणणं एवढंच, की आत जाऊन बघा आणि मग ठरवा.

बघायला जायचं ते १५ ऑगस्टला किंवा स्नेहसंमेलनाला नाही. त्या दिवशी प्रत्येक शाळा छानच दिसते. मूल पाचवीत असताना जुलैत, लावणी चालू असताना, मुख्याध्यापकांना सांगून एखाद्या साध्या दिवशी जा. वर्गात किती मुलं आहेत आणि पटावर किती, हे विचारा. लावणीला घरी राहिलेल्या पोराचा बुडालेला अभ्यास गुरुजी कसा भरून काढतात, हेही विचारा. त्या उत्तरावरून शाळेला आपल्या खोऱ्याची किती जाण आहे, ते कळतं.

मग सातवीतल्या दोन-तीन मुलांच्या वह्या मागा. हुशार मुलाची दाखवतीलच, तुम्ही मधल्या बाकावरच्या मुलाची मागा. वहीत नुसतं फळ्यावरचं उतरवलेलं आहे की मुलाने स्वतःच्या शब्दांत काही लिहिलंय? चुकलेल्या गणिताखाली फक्त लाल फुली आहे की पुन्हा सोडवून घेतलंय? शेवटची तपासणी कोणत्या तारखेची? आपण स्वतः फार शिकलेलो नसलो, तरी एवढं दिसतंच. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीत मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला देतात. हीच दोन कामं आपल्या मुलालाही घरी देऊन बघा. त्याला ती जमत नसतील, तर नव्या शाळेत पहिला प्रश्न हाच असायला हवा, की मागे पडलेल्या मुलासाठी तुम्ही काय करता?

सहावीपासून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे विषयाचा शिक्षक. पहिली ते पाचवी एकच गुरुजी सगळं शिकवू शकतात, पण बीजगणित, विज्ञान आणि इंग्रजी यांना त्या विषयाचा माणूस लागतो. शिक्षणहक्क कायदा २००९ हेच सांगतो. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक, ३५ मुलांमागे एक शिक्षक, वर्षात २२० दिवस आणि १,००० तास शिकवणं. तेव्हा “गणिताला कोण आहे?” हे थेट विचारा. आपल्या डोंगरी भागातल्या बऱ्याच शाळा बदल्यांच्या भाषेत अवघड क्षेत्रात मोडतात, आणि तिथं तीन वर्षं काढली की शिक्षक बदलीला पात्र होतो. म्हणून आज असलेल्या बाई पुढच्या जूनमध्ये असतील का, हेही विचारायला संकोचू नका.

घरात कुणाकडे स्मार्टफोन असेल, तर जाण्याआधी यू-डायस या सरकारी संकेतस्थळावरची शाळेची माहिती काढा. पट, शिक्षकांची संख्या, वर्गखोल्या आणि स्वच्छतागृहं यांची नोंद तिथं सर्वांना बघता येते. मात्र मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का आणि नळाला पाणी येतं का, हे आईने स्वतः आत जाऊनच बघावं. सातवी-आठवीतल्या मुलीची हजेरी त्यावर ठरते.

आता वाटेचं बोलू. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. वेळवंड किंवा हिर्डोशी खोऱ्यात, पानशेतच्या मागे, पासली-केळदकडे हे तीन किलोमीटर कागदावर वेगळे आणि पावसात वेगळे. ओढा भरला तर मूल कसं येणार? शाळा सुटल्यावर एसटी कितीला आहे? ती चुकली तर पुढची कधी? मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. त्याचा अर्ज शाळा वेळेत भरून घेते का? चांगली शाळा आहे, पण पावसाळ्याचे दोन महिने मूल पोचतच नाही, असं असेल तर ती आपल्या कामाची नाही.

अगदी छोट्या शाळांचा प्रश्न नाजूक आहे. वाडीची शाळा म्हणजे वाडीचा मान, हे मला समजतं. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांमधली मुलं गाडीने एका मोठ्या समूह शाळेत आणायचा विचार मांडला, तेव्हा नमुना म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर आपल्या वेल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या, पानशेतचं नाव घेतलं होतं. राज्यात अशा शाळा १४,७८३ असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्याला विरोधही झाला, आणि तो रास्त होता. सहा-सात वर्षांच्या पोराला घराजवळचीच शाळा हवी, गाडी बंद पडली की त्याचं शिक्षणच बंद पडतं. पण बारा वर्षांच्या मुलाचं गणित वेगळं आहे. सहावी-सातवीच्या वर्गात दोन-तीनच मुलं आणि सगळ्या विषयांना एकच शिक्षक असेल, तर चर्चा करायला सोबती नाही, कबड्डीचा संघ नाही, विज्ञानाला जाणकार नाही. गाडीची खात्री असेल, तर या वयात मोठ्या शाळेत पाठवण्यात कमीपणा नाही.

इंग्रजीचं काय, असं तुम्ही विचारालच. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित अशा अनेक शाळांत आता सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. ते पाटीवर आहे की वर्गात, हे वहीतच दिसेल. पाचवीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल सहावीला एकदम पूर्ण इंग्रजी शाळेत टाकलं, तर त्याला कळेनासं होतं, आणि ते गप्प बसायला शिकतं. फी भरून हे गप्प बसणं विकत घेऊ नका. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं आणि दुपारचा पोषण आहार मोफत असतो. आठवीतल्या एनएमएमएस परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मात्र विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलाला या परीक्षेला बसता येत नाही. मागच्या तीन-चार वर्षांत शाळेतून किती मुलं बसली आणि किती पास झाली, हे विचारा. आठवीनंतर त्याच ठिकाणी दहावीपर्यंत सोय आहे का, तेही आताच बघा. नाहीतर नववीला पुन्हा नवी शाळा शोधावी लागेल.

काही घरांत एक चूक सर्रास होते. मुलाला शहरात घालायचं आणि मुलीला “जवळ आहे ती बरी” म्हणायचं. शाळा निवडायचे निकष दोघांना एकच लावा. आणि निर्णयाआधी मुलाला सोबत नेऊन दाखवा. तिथली मोठी मुलं त्याच्याशी कशी बोलतात, हे त्याला तुमच्याआधी कळेल. शाळा बदलायची ठरलीच, तर दाखल्याची भीती बाळगू नका. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसरी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

आता शेवटची गोष्ट. बघून आल्यावर शाळा बरी वाटली, पण एखाद्या बाबतीत कमी पडते असं दिसलं, तर लगेच पाठ फिरवू नका. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. ही समिती सहीपुरती राहते, कारण आपण बैठकीला जात नाही. गणिताचा शिक्षक नसेल, तर समितीचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे न्या, पोच घ्या आणि महिन्याने पुन्हा जा. एकट्या बापाच्या तोंडी तक्रारीपेक्षा वीस पालकांच्या ठरावाला वजन असतं.

माझं मत विचाराल, तर विषयाचा शिक्षक हजर आहे, वह्या तपासल्या जातात आणि पावसातही वाट चालू राहते, या तीन गोष्टी असतील, तर आपल्या खोऱ्यातली सरकारी शाळा सोडून घर दुभंगायचं कारण नाही. यातली एखादी नसेल, तर आधी ती मागा. मागूनही जून उजाडेपर्यंत मिळाली नाही, तर मुलाचं वर्ष वाया घालवू नका, दुसरी शाळा बघा. पण काहीही ठरवण्याआधी एक दिवसाचा रोजगार बुडवा आणि दोघं नवरा-बायको मिळून शाळेत जाऊन या.