गाडी, वावर आणि घरदार



आपल्या धर्मग्रामातील बरीच कुटुंबे दोन धंद्यांवर उभी आहेत. दोन-तीन एकर वावर आहे, पण तेवढ्यावर वर्ष निघत नाही, म्हणून घरचा कर्ता गाडीवर जातो. कोणी दुसऱ्याच्या ट्रकवर पगारी ड्रायव्हर आहे, तर कोणी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली आहे. कारखाना सुरू असेपर्यंत ऊस, मग कांदा, मग मिळेल तो माल. 'फादर, तिन्हीकडे सारखं लक्ष देता येत नाही,' ही तक्रार घरभेटीत आम्ही पुष्कळदा ऐकतो. आजच्या पाठात तिचाच विचार करू.

आमच्या मते अडचण त्या 'सारखं' या शब्दातच आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात सुवर्णमध्य समजावताना एका पहिलवानाचे उदाहरण दिले आहे. एखाद्याला दहा मापे अन्न जास्त होते आणि दोन मापे कमी पडतात; म्हणून उस्तादाने प्रत्येकाला सहा मापे वाढावीत काय? मायलो या नामांकित पहिलवानाला सहा मापे अपुरी पडतील आणि तालमीत नव्याने आलेल्या पोराला ती जड जातील. मध्य मोजपट्टीने काढायचा नसतो, तो माणूस आणि वेळ पाहून ठरवायचा असतो. हाच विचार पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी ख्रिस्ती शिकवणुकीत आणला आणि ही निवड करणाऱ्या सद्गुणाला विवेक म्हटले. तेव्हा गाडी, वावर आणि घर यांचे तीन सारखे वाटे करू गेलो, तर तिन्ही उपाशी राहतील. विचारायचे ते एवढेच की आज काय थांबू शकते आणि काय थांबू शकत नाही?

उन्हाळी कांदा एप्रिलमध्ये काढणीला आला की थांबत नाही. अवकाळी पाऊस आला तर चार महिन्यांची मेहनत वावरातच सडते. अशा पंधरवड्यात लांबचे भाडे सोडणे शहाणपणाचे असते. उलट पावसाळ्यात उघडीप मिळेना आणि वावरात पाय ठेवता येईना, तेव्हा गाडीवर राहावे. बँकेचा हप्ता मात्र पाऊस-पाणी पाहत नाही. हे हिशेब आपल्या लोकांना आमच्यापेक्षा चांगले कळतात. अवघड भाग पुढे आहे.

वावर आणि गाडी दोन्ही बोलावतात तेव्हा वेळ कुठून काढली जाते? बहुतेक घरांत ती झोपेतून काढली जाते. कांदा घेऊन वाशीला जायचे, रिकामी गाडी घेऊन परतायचे आणि घरी आल्याबरोबर पाणी भरायला जायचे, कारण शेतीची लाइट पाळीने येते. अजून पुष्कळ ठिकाणी ती रात्रीची असते. संध्याकाळी पुन्हा मालाचा फोन येतो. साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चार सेकंद डुलकी लागली तर जवळजवळ ६७ मीटर गाडी कोणीच चालवत नसते. पहाटे दोन ते पाच ही वेळ सर्वांत वाईट. चहा आणि तंबाखू झोप थोडी पुढे ढकलतात, भरून काढत नाहीत. (१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. चांगलेच आहे, पण थंड केबिनमध्येही झोप येतेच.)

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, अशी मर्यादा घातली होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. एका गाडीचा मालक, जो स्वतःच ड्रायव्हर आहे, त्याला थांब म्हणणारे कोणी नव्हते. ते घरच्यांनीच म्हणायचे आहे. व्हॅटिकनने २००७ साली रस्त्यावरील सेवाकार्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. जो वाहन चालवण्याच्या स्थितीत नाही त्याला प्रेमाने समजावून थांबवावे, अशी त्यांतली एक आहे. आपण ही आज्ञा दारू प्यायलेल्यालाच लावतो. दोन रात्री न झोपलेल्यालाही ती लागू आहे.

झोप म्हणजे आळस, असे काही ज्येष्ठांना वाटते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१५ मध्ये मनिला येथे कुटुंबांपुढे बोलताना आपल्या टेबलावरच्या झोपलेल्या संत योसेफाच्या मूर्तीविषयी सांगितले होते. मत्तयच्या शुभवर्तमानात योसेफाला देवाचा संदेश झोपेतच मिळतो, आणि उठल्याबरोबर तो बायको-मुलाला घेऊन निघतो. सुतारकाम करून घर चालवणारा हा कर्ता पुरुष झोपला म्हणून कोणी त्याला आळशी म्हटलेले नाही.

शब्बाथाची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते, निर्गमच्या विसाव्या आणि अनुवादच्या पाचव्या अध्यायात. दोन्हीकडे विसावा मालकापुरता ठेवलेला नाही. त्यात दास, दासी आणि गुरेढोरे येतात. अनुवादात तर बैल आणि गाढव यांची नावेच घेतली आहेत. तिथे कारणही वेगळे दिले आहे: तुम्हीसुद्धा मिसर देशात गुलाम होता, हे आठवा. आपल्यापैकी ज्यांनी गाडीवर ड्रायव्हर ठेवला आहे, त्यांनी हा अध्याय घरी उघडून वाचावा. रविवारी गाडीवर असणाऱ्यांसाठी इथेच सांगतो की शनिवारी संध्याकाळचा पवित्र मिस्साही चालतो, आणि वाटेतल्या कोणत्याही कॅथोलिक चर्चमध्ये चालतो.

आता घराकडे वळू. कर्ता गाडीवर असतो तेव्हा वावर कोण पाहते? खुरपणी, मजूर गोळा करणे, औषध आणणे, चाळीत कांदा भरणे हे बाईच करते. तरी विचारले तर 'शेती नवरा करतो' असेच उत्तर मिळते. सातबाऱ्यावर तिचे नाव नसते, म्हणून पीककर्ज, विमा, अनुदान यांसाठी कर्ता गावी परतेपर्यंत थांबावे लागते. आणि देव न करो, तो परतलाच नाही तर वारसनोंदीपासून सुरुवात. शेतकरी संघटनेने चालवलेल्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर राज्य शासनाने १९९२ साली तशी सोय केली आहे: नवऱ्याच्या अर्जावर बायकोचे नाव त्याच्या हयातीतच सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागते. तलाठ्याकडे चौकशी करावी. 'नाव लावलं तर ती माहेरी जमीन नेईल,' असे आमच्यासमोर म्हणणारे भेटले आहेत. जिच्या भरवशावर आठ दिवस वावर सोडून जातो, तिच्यावर एवढाही भरवसा नसेल, तर प्रश्न जमिनीचा नाही.

मुलांचेही हंगाम असतात. जूनमध्ये शाळा उघडते, मार्चमध्ये दहावीची परीक्षा असते, प्रथम पवित्र कम्युनियनचा दिवस आधीच ठरलेला असतो. कांदा सडला तर वास येतो, हप्ता चुकला तर फोन येतो; मूल मात्र गप्प बसते, म्हणून ते थांबू शकते असे आपल्याला वाटते. काही बाप रोज रात्री ठरलेल्या वेळी ढाब्यावर गाडी थांबवून मुलांना फोन करतात आणि आज वर्गात काय झाले ते विचारतात, हे आम्हांला ठाऊक आहे. दहा मिनिटांचे काम आहे, पण ते गाडी थांबवूनच करावे.

या आठवड्यात नवरा-बायकोने भिंतीवरचे कॅलेंडर समोर घेऊन एकत्र बसावे. काढणी, हप्ता आणि मुलांच्या तारखा एकाच पानावर लिहाव्यात. लांबच्या फेरीनंतर वावरात पाऊल टाकण्याआधी किती तास झोप हवी, तो आकडाही तिथेच लिहावा, आणि तो बायकोने ठरवावा. सातबाऱ्याचा उताराही त्याच दिवशी पेटीतून काढून पाहावा.