उंदराला गुण आला, तुमच्या मुलाला येईल का?

मुलाला जुलाब लागले किंवा अँटिबायोटिकचा कोर्स सुरू झाला, की हल्ली पालक आपणहून विचारतात, "डॉक्टर, चांगल्या जंतूंची ती पावडर नाही का लिहिली?" मेडिकल स्टोअरमध्ये अशा पुड्या, कॅप्सूल आणि प्लॅस्टिकच्या लहान कुप्या सर्रास मिळतात. त्यांना प्रोबायोटिक म्हणतात, म्हणजे पोटात गेल्यावर उपयोगी पडावेत म्हणून दिलेले जिवंत जंतू. जाहिरातीत 'प्रयोगाने सिद्ध' असे लिहिलेले असते. त्यातले पुष्कळ प्रयोग उंदरांवर झालेले असतात. ते कसे करतात आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे, याची माहिती आज घेऊ.

जंतू म्हटले की रोग, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. परंतु प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जंतू कायम वस्तीला असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. आपल्याला न पचणारा चोथा ते पचवतात, 'के' जीवनसत्त्व तयार करतात आणि बाहेरून आलेल्या रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत. जुलाबात किंवा अँटिबायोटिकने ही वस्ती विस्कटते. मग बाहेरून चांगले जंतू दिले तर? कल्पना सरळ आहे, पण ती तपासून पाहावी लागते.

त्यासाठी वापरतात ते उंदीर आपल्या धान्याच्या कोठीतले नव्हेत. सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावून किमान वीस पिढ्या वाढवलेले हे उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे एकसारखे असतात. वजन वीस-पंचवीस ग्रॅम. सर्वांना एकच खाद्य आणि ठरावीक तास उजेड. त्यांचे दोन गट करतात. एका गटाला बोथट टोकाच्या बारीक नळीने थेट जठरात जंतू सोडतात. दुसऱ्या गटालाही तसेच धरून, तशीच नळी घालून नुसते द्रव देतात. कारण पकडल्यामुळेच उंदीर घाबरतो आणि त्या भीतीचा परिणाम औषधाच्या खात्यावर जमा व्हायला नको.

काही ठिकाणी जंतुविरहित उंदीर वापरतात. त्यांच्या पहिल्या पिढीचा जन्म सिझेरियनने होतो आणि त्यांना निर्जंतुक पेटीत, निर्जंतुक हवा व खाद्य देऊन वाढवतात. अशा उंदराचे अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, फुगून कितीतरी मोठी होते आणि आतड्याची प्रतिकारशक्ती कच्ची राहते. आतड्यातले जंतू काय काम करतात, हे असल्या उंदरांमुळेच नीट समजले. या कोऱ्या पाटीवर एकच जंतू सोडला की त्याचे काम स्पष्ट दिसते. पण तुमची-आमची पाटी कोरी नसते.

उंदीर स्वतःच्या आणि पिंजऱ्यातल्या सोबत्यांच्या लेंड्या खातात, हीही एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सर्वांच्या पोटातले जंतू हळूहळू सारखे होतात. दोन पिंजऱ्यांतले दहा उंदीर घेऊन "दहा जणांवर प्रयोग केला" म्हणणे त्यामुळे फारसे खरे नाही. शिवाय उंदराच्या जठराच्या पुढच्या भागाचे अस्तर वेगळ्या प्रकारचे असते. दह्यातल्या जंतूंचे भाईबंद त्यावर थर करून राहतात आणि तिथून रोज पुढे उतरत असतात. माणसाच्या जठरात अशी जागाच नाही.

आयर्लंडचा प्रयोग

२०११ साली आयर्लंडमधील कॉर्क विद्यापीठ आणि कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो जगभर गाजला. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जंतूचे जेबी-१ नावाचे वाण त्यांनी उंदरांना २८ दिवस दिले. ते उंदीर कमी भित्रे झाले. पाण्याच्या भांड्यात सोडल्यावर इतर उंदीर हातपाय गाळून तरंगत, तर हे जास्त वेळ पोहत राहिले. रक्तातले ताणाचे हार्मोनही त्यांच्यात कमी वाढले. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू आधीच कापलेल्या उंदरांत मात्र हा परिणाम दिसला नाही. म्हणजे पोटातल्या जंतूंचा निरोप या तारेवरून मेंदूला जात होता. संशोधन उत्तम होते, त्याबद्दल वाद नाही. वर्तमानपत्रांनी मात्र लगेच 'चिंतेवर दह्याचा उतारा' अशा थाटाच्या बातम्या दिल्या.

पुढे कॉर्कच्याच शास्त्रज्ञांनी तेच वाण २९ निरोगी पुरुषांना चार आठवडे दिले आणि चार आठवडे तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल दिली. बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावून त्यांच्यावर ताण आणला, रक्त तपासले, झोपेची चौकशी केली. फरक पडला नाही. हा निकाल त्यांनी २०१७ साली प्रामाणिकपणे छापला. हे सर्व पुरुष निरोगी होते, आजारी माणसांत काय झाले असते हे त्यावरून ठरत नाही. पण पहिली बातमी ज्यांनी वाचली, त्यांतल्या किती जणांनी ही दुसरी वाचली असेल?

यापेक्षा गंभीर अनुभव नेदरलँड्सचा आहे. स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या मोठ्या जातीच्या उंदरांना, म्हणजे रॅटना, प्रोबायोटिकने फायदा झाला होता. तिथल्या रुग्णालयांत अशाच तीव्र आजाराच्या सुमारे तीनशे रुग्णांवर तपासणी झाली आणि २००८ साली निकाल आला. प्रोबायोटिक घेणाऱ्यांत शंभरामागे १६ मृत्यू झाले, खोटे औषध घेणाऱ्यांत ६. प्रयोगातल्या उंदरांना जंतू देणे सूज आणण्याच्या पाच दिवस आधीच सुरू केले होते. माणूस दवाखान्यात येतो तो सूज आल्यावर.

आपल्या मुलांचे काय?

२०१८ साली अमेरिकेत तीन महिने ते चार वर्षे वयाच्या ९७१ जुलाबग्रस्त मुलांवर एक तपासणी झाली. लॅक्टोबॅसिलस जीजी हे जगात सर्वांत जास्त अभ्यासलेले वाण त्यांना पाच दिवस दिले. जुलाब थांबायला दोन्ही गटांत सुमारे पन्नासच तास लागले. कॅनडात दुसऱ्या जंतूंवर झालेल्या तपासणीचा निष्कर्षही तोच.

अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी काही वाणांचा उपयोग मुलांत दिसला आहे, हेही सांगितले पाहिजे. उलट, इस्रायलमधील वाइझमन संस्थेने २०१८ साली थोड्या माणसांवर केलेल्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती परतायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त काळ लागला. म्हणून प्रत्येक अँटिबायोटिकसोबत डोळे मिटून कॅप्सूल लिहिण्याची पद्धत मला पटत नाही.

आणि चांगले उदाहरण आपल्याच देशात आहे. ओडिशातील खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर डॉ. पिनाकी पाणिग्रही व सहकाऱ्यांनी तपासणी केली. अंगावर पिणाऱ्या बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचे एक निवडक वाण सात दिवस दिले. पहिल्या साठ दिवसांत जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे प्रमाण शेकडा ९ वरून ५.४ वर आले. हा निकाल २०१७ चा. खर्चही अगदी थोडा होता. पण तो त्या वाणाचा आणि तशा बाळांचा निकाल आहे. ज्वारी म्हटली तरी मालदांडी वेगळी आणि संकरित वेगळी, तसेच हे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला अशी पुडी स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नये. हे जिवंत जंतू आहेत आणि क्वचित रक्तात उतरतात.

जुलाब झालेल्या मुलाला आधी जलसंजीवनी, जस्ताची गोळी १४ दिवस आणि नेहमीचे खाणे. आईचे दूध बंद करू नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर पुडी शोधत न बसता तडक दवाखाना गाठावा.

एवढे करून पुडी घ्यायचीच असेल तर तिच्यावर जंतूचे पूर्ण नाव, वाणाचा क्रमांक, मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जंतूंची संख्या आणि ठेवण्याची पद्धत पाहा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत अन्नातील प्रोबायोटिकसाठी हीच अपेक्षा आहे. बॅसिलस क्लॉसीच्या कुप्यांतले जंतू बीजाणूच्या कवचात असल्याने उष्णता सोसतात, पण लॅक्टोबॅसिलसच्या जाती आपल्या मे महिन्यात टिकणे अवघड. 'फ्रिजमध्ये ठेवा' असे छापलेली पुडी दुकानदाराने फळीवरून काढून दिली, तर ती घेऊ नका.