कुंडीतली चिलटं : काय आणावं, काय आणू नये, किती द्यावे

आधी आकडा. घरात सहा ते आठ कुंड्या असतील, तर चिलटं घालवायला साधारण १५० ते ३५० रुपये पुरतात. वेळ मात्र चार ते पाच आठवडे लागतो. कागदपत्रं काहीच नाहीत. कृषी सेवा केंद्रात आधार मागतात ते युरिया, डीएपीसारख्या अनुदानित खतासाठी. चिकट सापळ्याला किंवा कडुनिंबाच्या तेलाला ना आधार लागतं, ना सातबारा. कोणी हजार-दीड हजार सांगत असेल, तर तो बहुधा उडणारी चिलटं मारायचे पैसे घेतोय. तुमचा त्रास मातीतल्या अळीचा आहे.

खरेदीआधी खात्री करून घ्या. केळ्यांभोवती घोंघावतात त्या फळमाश्या. त्यांना कुंडीशी देणंघेणं नाही. पान हलवल्यावर पांढरा भुगा उडाल्यासारखं दिसलं, तर ती पांढरी माशी. कुंडीतलं चिलट काळपट, बारीक, लांब पायांचं असतं आणि फार उंच उडत नाही, मातीवर धावतं. ते चावत नाही. तरी शंका असेल, तर बटाट्याची इंचभर चकती कापून ओल्या मातीवर पालथी ठेवा. दोन-तीन दिवसांनी उचला. खाली काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या दिसल्या तर निदान पक्कं. खर्च एका बटाट्याचा. चकती अळ्यांसकट कचऱ्यात टाका आणि नवी ठेवा, तेवढ्याच अळ्या कमी.

चार आठवडे का, तेही पाहा, कारण इथेच घाई महागात पडते. अंड्यापासून चिलट व्हायला उबदार घरात साधारण तीन ते चार आठवडे लागतात. उडणारं चिलट आठवडाभरच जगतं, पण तेवढ्यात एक मादी शंभरावर अंडी घालू शकते, तीही मातीच्या वरच्या ओलसर थरात. म्हणजे आज स्प्रे मारून सगळी उडणारी मेली, तरी पुढची तुकडी मातीत तयारच असते. डासांची अगरबत्ती, कॉइल, झुरळांचा स्प्रे यांवरचा खर्च म्हणून वायाच जातो.

पहिला उपाय फुकटचा आहे आणि अर्ध्याहून जास्त काम तोच करतो: पाणी थांबवा. बोटाची दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नाही. स्नेक प्लांट, झेडझेड, मनीप्लांट यांना वरची माती चांगली सुकली तरी काही होत नाही. पीस लिलीची पानं मान टाकतात, तिला थोडं सांभाळून घ्या.

आपल्याकडे यात दोन अडचणी येतात. एक, वावरातून आणलेली काळी माती. कपाशीला ती चांगली, कुंडीत मात्र आठ-आठ दिवस ओली राहते. वर भेग पडलेली दिसते आणि आत चिखल असतो. अशा कुंडीचा वरचा इंचभर थर काढून जाडी, कोरडी रेती घाला. बांधकाम चालू असेल तिथे घमेलंभर मागून मिळते. नर्सरीत पिशवीतली घेतलीत तर ३० ते ५० रुपये जातील. दुसरी अडचण कूलर. मार्च ते जून आपल्या घरांत कूलर दिवसरात्र चालतो, आणि कुंड्या नेमक्या त्याच्या झोतात ठेवलेल्या असतात. हवा दमट, माती सुकत नाही, वरून माणूस उन्हाळा म्हणून रोज पाणी घालतो. कुंड्या हलवा आणि पाणी मातीला विचारूनच घाला.

पाणी शक्यतो खालून द्या. बशीत पाणी भरून कुंडी अर्धा तास ठेवा, उरलेलं ओतून टाका. बशी भरलेली सोडलीत तर चिलटं जातील आणि डेंग्यूचे डास येतील.

आता सापळे. यवतमाळ जिल्ह्यात राहण्याचा इथे फायदा होतो. पिवळे चिकट सापळे कपाशीवरच्या पांढऱ्या माशीसाठी वापरतात, त्यामुळे यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, दिग्रस, उमरखेड, पांढरकवडा अशा कुठल्याही बाजारपेठेतल्या कृषी सेवा केंद्रात ते मिळायला हवेत. सुटा सापळा साधारण १० ते २० रुपयांना पडतो. दुकानदार एकरी पाकीट पुढे करेल. दोन-तीन सुटे मागा, नसतील तर शेजारणीशी पाकीट वाटून घ्या. ऑनलाइन दहाचं पाकीट दीडशे-दोनशेला दिसतं, पण पोचवण्याचे ४० ते ८० रुपये शेवटच्या पानावर उगवतात. निळे घेऊ नका, ते फुलकिड्यांसाठी असतात. पेरणीच्या दिवसांत केंद्रात गर्दी असते. दुपारी जा, म्हणजे सुटं द्यायला दुकानदाराला सवड असेल.

सापळ्याचे चार तुकडे करा आणि एकेक तुकडा काडीला लावून मातीला टेकेल इतका खाली खोचा. वावरात तो पिकाच्या उंचीला टांगतात, इथे ते चालत नाही. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल चोपडलं तरी काम होतं, फक्त दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा चोपडावं लागतं. पाल चिकटते, लहान मुलांच्या केसांना लागतं, तेवढं पाहा. एक ध्यानात ठेवा: सापळा अळी मारत नाही. तो अंडी घालणाऱ्या माद्या कमी करतो आणि तुमचं काम कुठवर आलं ते दाखवतो.

अळीसाठी तीन पर्याय आहेत. तिन्ही आणू नका, एकच निवडा.

सगळ्यात स्वस्त निंबोळी अर्क. शेतकरी ५ किलो निंबोळीच्या चूर्णाला १०० लिटर पाणी घेतात. तुमच्यासाठी ५० ग्रॅमला १ लिटर. रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, पाणी द्यायची वेळ आली की साध्या पाण्याऐवजी हे घाला. आठवड्याने पुन्हा, असं चारदा. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला झाडाखाली फुकट पडलेल्या असतात. एरवी १०० मिलि कडुनिंबाचं तेल साधारण १०० ते १५० रुपयांना मिळतं. बाटलीवर अ‍ॅझाडिरॅक्टिनचं प्रमाण छापलंय का ते बघा. नसेल, तर ते नुसतं तेल आहे, कीटकनाशकाच्या भावाने घेऊ नका. वास दोन दिवस राहतो. पाहुणे येणार असतील तर वार बदला.

दुसरा हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये छोटी बाटली साधारण २० ते ५० रुपयांना येते. आपल्याकडे बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यावर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं. त्याच्या एका भागाला नऊ भाग पाणी. ३ टक्क्यांचं असेल तर एकाला चार. अंगाला लागेल तेवढ्याच अळ्या मरतात, मातीतले उपयोगी जिवाणूही मरतात. दोन-तीन कुंड्यांपुरतं ठीक, डझनभर कुंड्यांना मी सुचवणार नाही.

तिसरा सगळ्यात नेमका आणि फसगतीला सगळ्यात सोपा: बीटी. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या ‘इस्राएलेन्सिस’ प्रकाराची पूड डासांच्या अळ्यांसाठी विकली जाते आणि कुंडीतल्या चिलटांच्या अळ्यांवरही चालते. पण तुम्ही केंद्रात जाऊन नुसतं ‘बीटी द्या’ म्हणालात, तर कपाशीच्या जिल्ह्यात तुमच्या हातात बहुधा ‘कुर्स्टाकी’ प्रकार पडेल. तो बोंडअळीसारख्या, म्हणजे पतंगांच्या अळ्यांसाठी आहे. चिलटाच्या अळीला त्याने काही होत नाही. दुकानदार खोटं बोलत नसतो, डब्यावर बीटीच लिहिलेलं असतं. तुम्ही पुढचा शब्द वाचा. ‘इस्राएलेन्सिस’ गावात मिळाली नाही तर ऑनलाइन २०० ते ४०० रुपयांत छोटं पाकीट येतं. उत्पादनाची आणि मुदतीची तारीख पाहून घ्या आणि मे महिन्यात मागवू नका. तापलेल्या गाडीत पडून राहिलेला जैविक माल कितपत कामाचा उरला, हे पाकिटावरून कळत नाही. प्रमाण लेबलप्रमाणे, आठवड्यातून एकदा, चार आठवडे. पेरॉक्साइडसोबत वापरलंत तर दोन्हीचे पैसे गेले.

दुकानदार ट्रायकोडर्माही पुढे करेल. चांगली वस्तू आहे, पण मुळांच्या बुरशीसाठी. या कामाला नको. निंबोळी पेंड कुंडीत चमचाभर घातली तर चालते, पण ओल्या मातीवर तिलाच पांढरी बुरशी धरते आणि अळ्यांना खाऊ मिळतो. पाणी आवरल्याशिवाय पेंड विकत घेऊ नका.

आता जे घरात येताच कामा नये ते. ‘पराटीवर मारतो तेच थोडं मारा’ हा सल्ला कोणीतरी देईलच, आणि मामाच्या गोठ्यात उरलेली बाटलीही असेल. नको. २०१७च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले, तेही उघड्या वावरात. तुम्ही बंद खोलीत, पंख्याखाली, रांगत्या मुलाच्या उंचीवर तेच औषध वापरणार. कुंडीत घालायचे दाणे म्हणून कोणी फोरेट देईल. देशात त्यावर २०२०च्या अखेरीपासून बंदी आहे. सुट्या, लेबल नसलेल्या बाटलीतलं काहीही घेऊ नका. लेबलवरचा त्रिकोण पाहा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. घरात लाल-पिवळा आणायचा नाही, कितीही स्वस्त मिळो.

सेवा विकत घ्यायची का? पेस्ट कंट्रोलवाले एका भेटीचे हजाराच्या आसपास मागतील. फोनवर एकच प्रश्न विचारा: कुंडीच्या मातीत काय घालणार? उत्तर ‘फवारणी’ असेल तर फोन ठेवा. नर्सरीवाले माती बदलून देतात. मजुरी कुंडीमागे ५० ते १०० रुपये, आणि मिश्रणाचे पैसे वेगळे, हे काम झाल्यावर कळतं. आधी दोन्ही मिळून आकडा ठरवा. तयार मिश्रणाची पिशवी फाटकी, दमट, पावसात बाहेर ठेवलेली असेल तर घेऊ नका. चिलटं पुष्कळदा याच पिशवीतून घरी येतात. नीट न कुजलेलं शेणखतही तसंच.

फुकट सल्ला हवा असेल तर सापळ्याचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. किसान कॉल सेंटरवर (१८००-१८०-१५५१) सकाळी ६ ते रात्री १० मराठीत बोलता येतं.

उपाय चालू असताना घरचे ‘टॉनिक’ बंद: चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, केळीच्या सालीचं पाणी, जीवामृत. वावरात जीवामृत हवं तेवढं घाला, दिवाणखान्यात ते चिलटांचं जेवण होतं. दालचिनीची पूड आणि मातीत खोचलेल्या आगकाड्या यांवर मी रुपयाही घालणार नाही.

बिल घ्या, वीस रुपयांचं असलं तरी. छापील कमाल किमतीत सगळे कर आलेले असतात. त्यावर ‘जीएसटी वेगळा’ म्हणणं बेकायदा आहे. ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

चार आठवड्यांनी सापळ्याचा नवा तुकडा लावा. आठवडाभरात दोन-चारच चिकटली तर औषध थांबवा, पाण्याची शिस्त ठेवा. अजूनही तुकडा काळा होत असेल तर हिशेब करा. ६० रुपयांच्या मनीप्लांटवर आणखी ३०० घालण्यात अर्थ नाही. त्याची निरोगी कांडी कापून पाण्याच्या बाटलीत लावा, पाणी आठवड्याला बदला. कुंडीतली माती फेकू नका. किंचित ओली करून गच्चीवर पातळ पसरा, पारदर्शक प्लास्टिकने झाका, कडांना विटा ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे राहिली की पुन्हा वापरता येते. पावसाळ्यात हे जमत नाही. तेव्हा ती माती अंगणात पसरून टाका, घरात परत आणू नका.