वारशाने आलेले वैर

रायपूरच्या मराठी कुटुंबांत घराबाहेरचा व्यवहार हिंदीतून चालतो. म्हणून हिंदी मालिकाही तेथे परक्या वाटत नाहीत. 'स्टार वन' वाहिनीवरील 'रिमिक्स' (२००४–२००६) ही अशीच एक शालेय जीवनावरची मालिका. तिचे कथानक २००२ सालच्या 'रेबेल्दे वे' या अर्जेंटिनातील मालिकेवरून घेतलेले आहे. श्रीमंतांची शाळा, गाणी, वाद्यवृंद ही केवळ सजावट होय. मूळ कथेतील मानुएल पित्याच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी शाळेत येतो आणि ज्याला तो दोषी मानतो, त्याच्याच कन्येवर, मियावर, त्याचा जीव जडतो. 'रिमिक्स'मध्ये त्यांच्या जागी रणवीर व टिया येतात. सूड घ्यावा तर प्रिय व्यक्ती दुखावते. सोडावा तर पित्याशी द्रोह केल्यासारखे वाटते. मियाला मात्र या वैराची प्रारंभी कल्पनाही नसते. तिचा अपराध कोणता?