विद्यार्थी स्वयंसेवक आणि वस्तीतील संस्था

आपल्या समाजातील मुले-मुली आज महाविद्यालयांत व विद्यापीठांत मोठ्या संख्येने शिकत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ज्या वस्तीतून ती शिकून पुढे गेली, त्या वस्तीला त्यांच्या शिक्षणाचा लाभ कितपत होतो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे. 18 मार्च 1956 रोजी आग्रा येथील सभेत प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुशिक्षित वर्गाविषयी जी खंत व्यक्त केली, ती याच प्रश्नासंबंधी होती.

तरुणांनी लोकांमध्ये जाऊन काम करावे, ही कल्पना आपल्याला नवी नाही. पहिल्या वर्षावासानंतर भगवान बुद्धांनी साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी निरनिराळ्या दिशांना पाठविले. त्यांपैकी पाच पंचवर्गीय भिक्खू होते. उरलेले पंचावन्न म्हणजे वाराणसीचा तरुण यश व त्याचे मित्र. दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये, असे त्यांना सांगितले होते. मनुष्यबळ थोडे असता ते सर्वत्र कसे पोहोचवावे, याचा हा धडाच होय. आधुनिक काळात 20 जुलै 1924 रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृहे, वाचनालये व अभ्यासमंडळे हीच आपल्या कार्याची साधने मानली.

शासनाची राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत सुमारे 40 हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. तीत विद्यार्थ्याने वर्षाला 120, म्हणजे दोन वर्षांत 240 तास सेवा करावयाची असते. शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर असते. 120 तास ऐकावयास थोडे वाटतात. पण आठवड्यातून दोन दिवस, रोज दोन तास धरले तर ते तीस आठवडे होतात. तीस आठवडे नियमाने शिकविणारा माणूस मिळाला, तर इंग्रजीत वा गणितात मागे पडलेल्या मुलाला पुष्कळच आधार मिळतो.

येथे आम्ही आमचाच अनुभव सांगतो. आमच्या विहारात सायंकाळी अभ्यासिका चालते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील सहा विद्यार्थी तेथे शिकवावयास येऊ लागले. दोन महिन्यांत मुलांनी खोली भरून गेली. पुढे परीक्षा जवळ आल्या आणि एकेकाचे येणे बंद झाले. कोणाचा निरोपही आला नाही. आठवडाभर मुले दप्तरे घेऊन पायरीवर वाट पाहात बसत. दहावीच्या एका मुलीने आम्हांस विचारले, ‘‘दादा-ताई आमच्यावर रागावले का?’’ त्यानंतर मुलेही येईनाशी झाली.

प्रथम आम्ही विद्यार्थ्यांनाच दोष दिला. शांतपणे विचार केला तेव्हा आमच्याही चुका दिसल्या. त्यांच्या परीक्षा केव्हा असतात, हे आम्ही विचारले नव्हते. एक गैरहजर राहिला तर दुसरा कोण, हे ठरविले नव्हते. जयंतीच्या दिवशी सतरंज्या घालण्यास व खुर्च्या उचलण्यास त्यांना बोलाविले, पण बैठकीत त्यांचे मत एकदाही विचारले नाही. ज्याला आपण पाहुणा समजतो, तो पाहुण्यासारखाच निघून जातो.

यातून आम्ही पुढील गोष्टी शिकलो.

1) आरंभीच परीक्षेचे वेळापत्रक घेऊन वर्षाची आखणी करावी. परीक्षेच्या आठवड्यांत वस्तीतील पालकांनी वा जुन्या विद्यार्थ्यांनी अभ्यासिका सांभाळावी.

2) प्रत्येक वर्गास दोन स्वयंसेवक असावेत. काय शिकविले याची नोंदवही ठेवावी, म्हणजे नवा माणूस तेथूनच पुढे सुरुवात करू शकतो.

3) काम गरजेचे असावे. उदाहरणार्थ, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज आता महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, यांपैकी एका गोष्टीवाचून अर्ज अडतो. ज्याने स्वतः हा अर्ज भरला आहे, असा विद्यार्थी येथे फार उपयोगी पडतो.

4) विद्यार्थ्यांनी वस्तीत शिकविण्याबरोबर शिकण्यासही यावे. प्रमाणपत्र व छायाचित्र यांपुरती सेवा करू नये. काम सोडावयाचे असेल तर मुलांना समोर बसवून तसे सांगावे.

पुढील वर्षी आम्ही याप्रमाणे वागलो. स्वयंसेवक चारच मिळाले, पण परीक्षेच्या काळातही अभ्यासिकेचे दार बंद राहिले नाही. पायरीवर बसून राहिलेली ती मुलगी आता महाविद्यालयात आहे आणि दर रविवारी लहान मुलांना गणित शिकविते. ज्या आठवड्यात तिला येणे जमत नाही, त्याच्या आदल्या दिवशी ती मुलांना तसे सांगून जाते.

आपल्या भागातील विद्यार्थ्यांना अशी संधी देणे हे संस्थांचे कर्तव्य आहे, आणि दिलेला शब्द पाळणे हे विद्यार्थ्यांचे. दोघांनी आपापली बाजू सांभाळली, तर कोणत्याही विहाराच्या पायरीवर एकही मूल वाट पाहात बसणार नाही.